सुटली की सोडली?

आमच्या कुत्र्याचं नाव वाघ्या आहे. जेजुरीच्या खंडोबाला स्मरून ते आमच्या सौ.नी ठेवलं. पुण्यात ते शोभून दिसलं असतं. पण चंद्रपुरात, जिथे वाघ ही बातमी नसून शेजार आहे, तिथे ‘वाघ्या! वाघ्या!’ असं ओरडत रस्त्यानं धावणं म्हणजे सार्वजनिक शांततेचा भंग होय. एकदा भल्या पहाटे जटपुरा गेटापाशी हा प्राणी पट्टा तोडून पळाला आणि अस्मादिक हाका मारत मागे धावले, तेव्हा दूधवाल्यानं सायकल कॅनसकट टाकून दिली आणि तो एका अनोळखी घरात शिरला. त्याला दोष देता येत नाही. ज्या गावात औष्णिक वीज केंद्राच्या आवारातसुद्धा वाघ दिसतो आणि लोक ती हकिकत ‘आज पाणी येणार नाही’ अशा सुरात सांगतात, त्या गावात माणसानं आधी पळावं आणि मग चौकशी करावी, हेच शहाणपण.

प्रत्यक्षात आमचा वाघ्या कुकरच्या शिट्टीला भितो. पहिल्या शिट्टीला तो कान पाडतो, दुसरीला दिवाणाखाली जातो आणि तिसरीला तिथून रडतो. डाळ शिजल्याचं आमच्या घरात त्यामुळेच कळतं.

तर झालं असं, की निवृत्तीनंतर माझं वजन आणि साखर यांनी बँकेतल्या ठेवींनाही जमलं नव्हतं अशा व्याजदरानं वाढायला सुरुवात केली आणि डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चालायला सांगितलं. सौ.ला म्हटलं, “सोबत येतेस का?” ती म्हणाली, “तुमच्याबरोबर चालायचं म्हणजे दर दहा पावलांवर कोणीतरी भेटणार. वाघ्याला न्या. त्याच्या ओळखी कमी आहेत.”

आता चालायचंच तर शहरातल्या धुळीत कशाला, जंगलाच्या बाजूला जावं, असं माझ्या मनानं घेतलं. तीस वर्षं मी या जिल्ह्यात काढली. २६ ऑगस्ट १९८२ ला चांद्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा झाला. त्याही जिल्ह्यात मी नोकरीचे दिवस घालवले, पण जंगल पाहिलं ते एस.टी.च्या खिडकीतून. ही खंत मी शेजारच्या बापूसाहेबांना बोलून दाखवली. बापूसाहेब हे निवृत्त इतिहास-शिक्षक. ते म्हणाले, “कुत्रा घेऊन जंगलात जाणं ही तर या शहराची परंपराच आहे! हे शहर उभं कसं राहिलं माहीत आहे का?”

माहीत होतं. पण बापूसाहेबांना ‘माहीत आहे’ असं सांगितलं तर ते तीच गोष्ट अधिक तपशिलानं सांगतात.

खांडक्या बल्लाळशहा नावाचा गोंड राजा होता. सर्वांगाला गाठी आलेल्या. झरपट नदीच्या एका कुंडातल्या पाण्यानं तो बरा झाला. पुढे एकदा शिकारीला गेला असताना झुडपातून एक ससा निघाला आणि राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. नीट वाचा: ससा कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा जीव घेऊन पुढे, ससा मागे आणि त्यांच्या मागून थक्क झालेला राजा. ससा कधी मोठं रिंगण घेऊन धावला, कधी वेडावाकडा. अखेर फिरून मूळ जागी आल्यावर कुत्र्याला काय वाटलं कोण जाणे, तो उलटला आणि झटापटीत त्यानं सशाला मारलं. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. राणी हुशार. ती म्हणाली, हा शुभशकुन आहे. ज्या वाटेनं ससा धावला त्याच वाटेनं कोट बांधा. जिथे तो मारला गेला, तिथे मात्र शहराला धोका आहे, तिथे बंदोबस्त जास्त ठेवा. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे असलेला तो कोट अजून उभा आहे.

“म्हणजे या शहराचा पहिला सर्व्हेअर कुत्रा!” बापूसाहेब म्हणाले.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. पण त्या दिवशी पायाशी वाघ्या बसला होता म्हणून की काय, मला प्रथमच वाटलं, की सबंध दंतकथेत राजा काय करतो? तो मागून जातो आणि बघतो. आपल्या कुत्र्याच्या जिवावर बेतलं आहे तर मध्ये पडावं, निदान हाक मारावी, असं त्याच्या मनात आल्याचा उल्लेख कुठेच नाही. शहर उत्तम वसलं, राणीचं नाव झालं, चंद्राचं नाव गावाला लागलं आणि कुत्र्याचं नावसुद्धा कोणी लिहून ठेवलं नाही.

हे बापूसाहेबांना म्हटलं तर म्हणाले, “तुम्ही फार विचार करता. म्हणूनच साखर वाढते.”

ताडोबात कुत्रा नेता येत नाही, हे मला चौकशीअंती कळलं. चौकशी म्हणजे मी मोहर्लीच्या दारावर साळसूदपणे विचारलं. तिथल्या तरुण कर्मचाऱ्यानं आधी माझ्याकडे, मग वाघ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कोणासाठी आणला?”

इथे मला साहजिकच धर्मराज आठवला. महाप्रस्थानाच्या वेळी द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम पडले. युधिष्ठिर चालत राहिला. शेवटी हस्तिनापुरापासून मागे आलेला एक कुत्रा तेवढा उरला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, चला, पण कुत्र्यांना स्वर्गात जागा नाही. तेव्हा युधिष्ठिर म्हणाला, मग मलाही नको. मी असाच बाणेदारपणे मागे फिरलो. फरक इतकाच, की मला आत बोलावलंही नव्हतं. माझ्याकडे तिकीट नव्हतं, जिप्सी नव्हती आणि पायी फिरायला तिथे माणसालाही परवानगी नाही. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झालेलं हे जंगल ज्या तारूच्या नावानं ओळखलं जातं, तो गावचा प्रमुखच वाघाशी झुंजताना मेला अशी तिथली कथा आहे. तळ्याकाठी त्याचं देऊळ आहे. जिथल्या देवाची ही गत, तिथे बँकेच्या निवृत्त अधिकाऱ्यानं पायी फिरण्याचा हट्ट धरू नये.

पण कुत्र्याला बंदी का, हे मला आमच्या पशुवैद्यांनी समजावलं. “वाघ तुमच्या कुत्र्याला खाईल हे एक. पण तुमचा कुत्रा वाघाला मारील, हे दुसरं.” मी वाघ्याकडे पाहिलं. तो टेबलाखाली लपला होता. “डिस्टेंपर,” डॉक्टर म्हणाले. डिस्टेंपर म्हणजे दिवाळीला भिंतींना लावायचा रंग एवढीच माझी समज. हा कुत्र्यांमधला विषाणूचा रोग निघाला. १९९४ साली सेरेंगेटीतले सुमारे हजार सिंह, म्हणजे तिथले एक तृतीयांश, त्यानं गेले आणि तो गावातल्या पाळीव कुत्र्यांकडून तिकडे गेल्याचं मानतात. २०१८ साली गीरमध्ये एका भागात तेवीस सिंह गेले, त्यांतही हाच विषाणू सापडला. आपल्याकडच्या रानकुत्र्यांना तर कुत्र्यांचे सगळेच रोग घरचेच. मी मुकाट्यानं वाघ्याला सगळ्या लसी टोचून घेतल्या. इंद्रानं स्वर्गाच्या दारात कुत्रा अडवला त्यामागेही असंच काही आरोग्य खात्याचं कारण असेल, असं आता मला वाटू लागलं आहे.

दरम्यान कॅलिफोर्नियातल्या पुतण्याचा फोन आला. तो कुत्र्याला घेऊन डोंगर-वाळवंटं तुडवत असतो, म्हणून मी त्याला अनुभवी समजत होतो. तो म्हणाला, “काका, इथे जोशुआ ट्री म्हणून वाळवंटी उद्यान आहे, तिथेसुद्धा कुत्र्याला पायवाटांवर नेता येत नाही. गाडीरस्त्याच्या शंभर फुटांत फिरवायचं आणि दोरी सहा फुटांपेक्षा लांब नको.”

“सहा फूटच का?”

“मोकळा सोडला तर तो जनावराला हुसकायला जातो. जनावर उलटलं की पळतो आणि पळून येतो कुठे? मालकाकडे. जनावराला मागे घेऊन.”

हे ऐकल्यावर बल्लाळशहाचा कुत्रा आणि ससा ही गोष्ट मला दंतकथा वाटेनाशी झाली. फक्त आमच्याकडे सशाच्या जागी अस्वल असतं. मार्चात मोहाची फुलं पडू लागली की पहाटे गावातल्या बायका टोपली घेऊन झाडाखाली जातात आणि त्याच झाडाखाली त्याच कामासाठी अस्वलही येतं. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून हत्तीही आलेत. हत्तीला हुसकून मालकाकडे परत येणारा कुत्रा मी डोळ्यांपुढे आणला आणि त्याच दिवशी बाजारातून सहा फुटांची साखळी आणली.

तर मार्चातला एक दिवस ठरला. मूल रस्त्यावर आमच्या एका स्नेह्यांचं शेत आहे. अभयारण्य नाही, गेट नाही, बंदी नाही. शेताच्या कडेनं एक पांदण जाते. डावीकडे धानाची रिकामी बांधी आणि उजवीकडे जंगल. सौ.नी तयारी अशी केली, की तेनसिंगला लाज वाटावी. दोन बाटल्या पाणी, वाघ्याला प्यायला स्टीलची वाटी, गोचीड काढायला चिमटा, हळद आणि तिच्या मते सगळ्या आजारांवर चालणारा ओवा. पशुवैद्यांनी बजावलं होतं, की कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो जिभेनंच थंड होतो. तेव्हा ऊन चढायच्या आत परता. अगदी पहाटेही नको, संध्याकाळही नको, त्या वेळा जनावरांच्या. शिवाय रस्ता तापला का हे पाहायला हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा, आपल्याला सोसली नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. मी मूल रस्त्यावर उतरून, वाकून, डोळे मिटून सात आकडे मोजले. जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं भक्तिभावानं हात जोडले.

साडेआठ वाजले होते. पांदणीत मोहाचा गोड, जरा आंबूस वास भरला होता. पहिला अर्धा किलोमीटर इतका सुखाचा गेला, की मी मनातल्या मनात पुतण्याला फोनवर सांगायची वाक्यं जुळवत होतो. मग एका नाल्यापाशी वाघ्या थांबला.

तो भुंकला नाही. त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंतचे केस उभे राहिले आणि चारही पाय जमिनीत रोवल्यासारखे झाले. मी म्हटलं, “चल रे.” तो चालेना. मी ओढलं. डॉक्टरांनी चार किलोमीटर सांगितले होते आणि आमचा तर एकही झाला नव्हता. मी आणखी ओढलं.

तेवढ्यात उजवीकडच्या रायमुनियाच्या झुडपात काहीतरी मोठं हललं.

पुढच्या दोन-तीन सेकंदांचा अहवाल मी बँकेच्या सवयीप्रमाणे तारीखवार देऊ शकत नाही. भानावर आलो तेव्हा मी वाघ्याच्या मागे वीस पावलांवर एका मोहाच्या बुंध्याला पाठ लावून उभा होतो. साखळी माझ्या हातात नव्हती, ती पांदणीत मातीत पडली होती. आणि कुकरच्या शिट्टीला दिवाणाखाली जाणारा आमचा वाघ्या पळून गेला नव्हता. तो झुडपाच्या आणि माझ्या मध्ये उभा होता आणि आयुष्यात कधी भुंकला नसेल असा भुंकत होता.

झुडपातून एक तांबडा गोऱ्हा बाहेर आला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, शेपटी उडवली आणि तो बांधीकडे चालू लागला. त्याच्यामागून खांद्यावर कुऱ्हाड टाकलेला एक म्हातारा ढोरकी आला. त्यानं क्षणभर सगळा देखावा पाहिला: झाडाला चिकटलेला मी, मातीतली साखळी, मधला कुत्रा. काही न बोलता त्यानं साखळी उचलली, झटकली आणि माझ्या हातात आणून दिली. तो हसला असता तर बरं झालं असतं.

“गोऱ्हा होता, मामा,” मी म्हटलं. जणू काही ते त्याला ठाऊक नव्हतं. “हा उगीच थांबला.”

“उगाच नाही थांबला जी,” तो म्हणाला. त्यानं नाल्याच्या ओल्या वाळूत बोट दाखवलं. तिथे ठसा होता. “रातच्याला गेलं जनावर इथून. बिबट असंल. वास त्याले येते, आपल्याले नाही येत. कुत्रा थांबला म्हंजे थांबाचं. ओढाचं नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “बिबट कुत्र्याचा लय शौकीन असते.”

हे अगदी खरं आहे. तेव्हाच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले म्हणून गाव आहे. (आपलं अकोला नव्हे. तिथली टपालं बँकेत असताना मी कैकदा फिरवलेली आहेत.) तिथल्या उसाच्या रानातले बिबटे काय खातात याचा विद्या अत्रेय यांनी अभ्यास केला, तर खाण्यात पहिला नंबर कुत्र्याचा निघाला.

“तुमचा कुत्रा नाही?” मी विचारलं.

“होता एक. पोळ्याच्या टायमाले नेला. आता दुसरा हाय.”

“मग दुसरा कशाला ठेवलात?”

“ठेवला कोठी जी, आला तो. आमचं तं जंगलात जानं सुटत नाही. ढोरं हायेत. आमी गेलो का तो मांगं येते.” त्यानं गोऱ्ह्याकडे नजर टाकली आणि सरळ विचारलं, “तुमी काऊन येता?”

“डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

“कुत्र्यालेबी?”

तो गेला. मी वाघ्याला वाटीत पाणी दिलं. त्यानं ते सगळं प्यायलं आणि मग माझा हात चाटला, ही गोष्ट मला तितकीशी आवडली नाही.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. ठसा, ढोरकी, गोऱ्हा. विनोदी करून सांगितलं, आणि साखळीचा भाग आला तेव्हा सहज म्हणालो, “…आणि तेवढ्यात साखळी सुटली.”

सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “सुटली की सोडली?”

मराठी ही फार दयाळू भाषा आहे. कप फुटतो, दूध उतू जातं, किल्ली हरवते, आमच्या बँकेत तर फायली आपणहून गहाळ होत असत. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही माणसानं फाईल गहाळ केलेली पाहिली नाही. कर्त्याला वाक्यातून अलगद काढून बाहेर उभं करायची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवलेली आहे. त्या वाक्यांत सबंध आयुष्य काढल्यावर कोणी भाजी निवडता निवडता असा प्रश्न विचारला, की माणूस व्याकरणात पकडला जातो.

मी रात्रभर विचार केला. सोडली म्हणावं तर का सोडली? त्याला पळता यावं म्हणून सोडली, असंही एक उत्तर तयार होतं आणि ते वाईट नव्हतं. साखळीत अडकलेला कुत्रा मरतो, मोकळा असता तर वाचतो, वगैरे. पण मग मी वीस पावलं मागे का होतो? मी त्याला ओढत नेलं होतं. तो नको म्हणत होता आणि मला माझे चार किलोमीटर पुरे करायचे होते. ढोरक्याचा कुत्रा त्याच्यामागून येतो, कारण ढोरक्याला जावंच लागतं. दोघंही एकाच धोक्यात आणि एकाच भाकरीवर. मी आमच्या कुत्र्याला नेलं ते हौसेपोटी, आणि प्रसंग आला तेव्हा त्याच्या वाट्याला पुढची बाजू आली आणि माझ्या वाट्याला झाड. पुन्हा धर्मराज आठवला. त्याच्या गोष्टीत एक तपशील मी कधी ध्यानात घेतला नव्हता. त्या कुत्र्याच्या गळ्यात साखळी नव्हती. तो आपल्या पायांनी आला होता. त्यामुळे युधिष्ठिरापुढे ‘सोडणं’ हा एकच शब्द होता. ‘सुटलं’ म्हणायची सोयच नव्हती. आणि त्यानं सोडलं नाही. मी असतो तर इंद्राला काय म्हणालो असतो, ते मला साधारण माहीत आहे. “कुत्रा? हो, होता. वाटेत कुठेतरी मागे राहिला.”

पहाटे मी सौ.ला म्हणालो, “सोडली.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली आणि कूस बदलली.

आता आम्ही कोटावर जातो. सुमारे अकरा किलोमीटरचा हा परकोट वर्षानुवर्षं झाडाझुडपांत आणि कचऱ्यात गाडला गेला होता. इको-प्रो संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून घाम गाळून तो साफ केला. सकाळी तिथे चालायला बरं वाटतं. वाघ्या पुढे, मी मागे. म्हणजे पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी एक कुत्रा जीव घेऊन जिथून पळाला, त्याच वाटेनं. बापूसाहेबही कधी कधी येतात आणि प्रत्येक वळणावर ससा इथे कसा वळला ते सांगतात. वाघ्या मध्येच थांबतो. बहुतेक वेळा मांजर असतं, एकदा नुसतीच उडती प्लॅस्टिकची पिशवी होती. तरी तो थांबला की मी थांबतो आणि बापूसाहेबांनाही थांबवतो. चार किलोमीटर हल्ली क्वचितच पुरे होतात.

पहिल्या दिवशी निघताना साखळी हातात घेतली तर तिच्या टोकाला जुन्या गोधडीच्या कापडाचा एक पट्टा दुहेरी शिवलेला दिसला. मनगटात घालायचा, वर बटण.

“हे काय?”

“आता सुटायची नाही,” सौ. म्हणाली. “आणि सोडायचीच झाली, तर आधी बटण काढावं लागेल. काज मुद्दाम घट्ट ठेवलंय.”